जुन्या मोटारींची पुनर्बांधणी आणि न मिळणारे सुटे भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मोटारीचं काम अनेकदा एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या भागापाशी अडतं. दरवाज्याच्या कुलपातली स्प्रिंग, पाण्याच्या पंपाचा पंखा, कुठलाही पाना नीट न बसणारा एखादा नट. खालचे प्रश्न अशाच अडलेल्या जागांवरून आलेले आहेत. उत्तरांत एक आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल, तो मुद्दाम ठेवलेला आहे: गाडीवर मुळात जे आहे ते आधी वाचवायचं, आणि ते वाचणारच नसेल तरच बदलायचं.

‘व्हेटरन’, ‘व्हिंटेज’ हे शब्द नेमके कोणत्या गाड्यांसाठी?

जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ वयानुसार गट पाडते. १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या सर्वांत जुन्या गटात. १९०५ ते १९१८ व्हेटरन, १९१९ ते १९३० व्हिंटेज, १९३१ ते १९४५ पोस्ट-व्हिंटेज, त्यानंतरचे गट पुढे. कामाच्या दृष्टीने याचा उपयोग एवढाच की गाडी कोणत्या काळातली आहे यावर तिचे आटे, तिचा रंग, तिचा मुलामा आणि तिची वायरिंग ठरते.

गाडी पूर्ण नवी करावी, की आहे तशी ठेवावी?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, पण बहुतेक जण तो गाडी पूर्ण उघडून झाल्यावर विचारतात. तोवर उशीर झालेला असतो. मूळ रंग एकदा खरवडला की तो परत आणता येत नाही. त्यावर कितीही सुंदर रंग चढवला तरी तो आजचाच रंग राहतो.

फिवाने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचा गाभा असा: आधी जपणूक, मग कमीत कमी हस्तक्षेप, आणि जो काही हस्तक्षेप होईल त्याची लेखी नोंद. गेल्या काही वर्षांत जाणकारांची नजरही त्या दिशेने वळली आहे. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे तलावातून २००९ मध्ये बुगाटीची ब्रेशिया ही १९२५ ची गाडी वर काढली. अनेक दशकं पाण्यात राहून तिचा बराचसा पत्रा संपला होता. तरीही ती विकत घेणाऱ्या संग्रहालयाने तिला हात न लावता तशीच मांडली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीच इथल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट गाडीचा मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. ती जपलेली गाडी होती, नवी केलेली नव्हती, आणि अशा गाडीला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी पूर्ण असेल, रंग निम्म्याहून अधिक टिकला असेल आणि आतलं कातडं फाटलं असलं तरी मूळचंच असेल, तर यंत्र दुरुस्त करा, ब्रेक आणि टायर सुरक्षित करा आणि थांबा. सांगाडा सडलेला असेल, पत्रा चाळण झाला असेल किंवा आधीच कुणीतरी तीनदा रंगवून मूळ काही शिल्लक ठेवलं नसेल, तर मात्र पूर्ण पुनर्बांधणी रास्त आहे.

सुरुवात कुठून करावी?

कॅमेरा आणि वहीपासून. पाना त्यानंतर. प्रत्येक जोडणीचे तीन फोटो हवेत: लांबून, जवळून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते लिहून ठेवायचं, कारण मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दोन पातळ शिमा उलटसुलट झाल्या तर गिअरचा आवाज सगळ्या गाडीत घुमतो.

नट-बोल्टच्या पिशव्या करण्यापेक्षा चांगली सवय म्हणजे भाग सुटला की बोल्ट त्याच भोकात परत हाताने बसवून ठेवणं. दोन वर्षांनी पिशवीवरची शाई पुसली गेलेली असते, भोकातला बोल्ट मात्र जागच्या जागी असतो. वायरिंग ओढून काढू नका. प्रत्येक टोकाला पत्र्याचा किंवा कापडाचा बिल्ला बांधा आणि संपूर्ण गुच्छ एका फळीवर गाडीत होता तसाच पसरून खिळ्यांनी धरून ठेवा. नवा गुच्छ बांधताना तीच फळी माप म्हणून वापरता येते.

इंजिन जाम आहे. काय करावं?

गाडी ओढून किंवा हँडल मारून सुरू करण्याचा प्रयत्न करू नका. गंजाने धरलेली पिस्टनची रिंग जोर लावला की तुटते आणि तिचा तुकडा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, खोल ओरखडा पाडतो. व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो.

स्पार्क प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये आत झिरपणारं तेल घाला. दिवसाआड थोडं घालत राहा. काही इंजिनं आठवड्यात सुटतात, काहींना महिने लागतात. मधल्या काळात ऑइल पॅन उतरवून तळाचा गाळ साफ करून घ्या, कारण तो तसाच ठेवून इंजिन फिरवलं तर पहिल्या काही मिनिटांत तो बेअरिंगमध्ये जातो. फिरवताना लांब दांडा लावून हळूच पुढे, हळूच मागे. एक अंश हलला तरी काम झालं असं समजा आणि पुन्हा तेल घाला. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर हेड काढून बघावं, अंदाजावर हातोडा चालवू नये.

सुटे भाग शोधायचे कुठे?

गाडी किती बनली होती, यावर पुष्कळ अवलंबून आहे. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी बनल्या. तिचे बहुतेक भाग आजही नवे तयार होतात. एखाद्या छोट्या कारखान्याने दोनशे गाड्या बनवून दिवाळं काढलं असेल, तर वाट वेगळी.

त्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे भागावर काय कोरलंय ते वाचणं. मोटार कंपन्या सगळं स्वतः बनवत नसत. डायनॅमो लुकास किंवा बॉशचा, कार्ब्युरेटर सोलेक्स, झेनिथ किंवा एसयूचा, बेअरिंग बेअरिंग-कारखान्याचं. त्यामुळे तुमच्या दुर्मिळ गाडीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) एखाद्या अगदी सामान्य व्हॅनवरही बसवलेला असू शकतो. बॉल बेअरिंगचं तर फारच सोपं असतं. कडेवर ६२०४ असं दिसलं तर आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, रुंदी १४, आणि तेच बेअरिंग आजही दुकानात मिळतं. आकडा पुसला असेल तर तीन मापं घ्या आणि तक्त्यात बघा. इंचातलं बेअरिंग असलं तरी घाबरू नका, त्याचेही तक्ते आहेत.

दुसरी पायरी म्हणजे त्या बनावटीचे मालक-संघ. सुट्या भागांची मूळ पुस्तकं, कारखान्याची रेखाचित्रं, कोणता भाग कोणत्या गाडीला बसतो याच्या याद्या, हे सगळं बहुतेकदा त्यांच्याकडेच असतं. अनेकदा एखादा भाग बनवायला दहा-बारा सभासद एकत्र येतात आणि एकाचा भार सगळ्यांत वाटला जातो.

तिसरी पायरी जुन्या भागांचे बाजार. अमेरिकेत हर्शी आणि इंग्लंडमध्ये ब्यूली इथले वार्षिक बाजार जगभर माहीत आहेत. जाताना हातात भाग किंवा त्याचा खरा आकार कापलेला पुठ्ठा असू द्या. स्मरणावर घेतलेला भाग हमखास दोन मिलिमीटरने चुकतो.

बोल्ट बसतो, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर घट्ट होतो. असं का?

आटे वेगळे आहेत. तिथेच थांबा आणि पान्याने जोर लावू नका.

जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं प्रमाण सुचवलं. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकी आटे ६० अंशांचे, मेट्रिकही ६० चेच. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचं एकच प्रमाण मान्य केलं, पण कारखान्यांत ते उतरायला बराच काळ गेला. अर्धा इंच व्यासाचा व्हिटवर्थ बोल्ट घेतला तर इंचाला १२ आटे असतात, अमेरिकी जाड आट्याच्या बोल्टला १३. सुरुवातीला दोन्ही एकमेकांत शिरतात आणि मग एकमेकांना खातात. इतर बऱ्याच मापांत आट्यांची संख्या जुळते, फक्त कोन जुळत नाही. तिथे बोल्ट शेवटपर्यंत बसतो आणि पकड मात्र कमी राहते. हे जास्त धोकादायक, कारण दिसत नाही.

व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या व्यासाचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नसतो, हेही लक्षात ठेवा. आणि एक खास प्रकरण: मॉरिसच्या जुन्या इंजिनांत, आणि पुढे एमजीच्या टी मालिकेतल्या इंजिनांतही, आटे मेट्रिक आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थ पान्याचं आहे. मॉरिसची मूळ इंजिनं फ्रेंच हॉचकिस कंपनीच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात बनत, त्याचा हा वारसा. अशा इंजिनावर डोक्याचं माप बघून बोल्ट आणला तर तो बसणार नाही.

थ्रेड गेजचे (आटे ताडून बघायच्या पट्ट्यांचे) दोन संच, एक ५५ अंशांचा आणि एक ६० चा, ही या छंदातली सगळ्यांत लाभाची खरेदी. चुकीच्या टॅपने (भोकात आटे पाडायच्या हत्याराने) जुने आटे ‘साफ’ करणं म्हणजे ते कायमचे कापून टाकणं.

झिजलेल्या भागावरून नवा भाग कसा बनवायचा? मूळ माप कळणार कसं?

भाग सगळीकडे सारखा झिजत नाही. जिथे काही घासत नाही, अशी जागा शोधायची. शाफ्टच्या टोकाला, सीलच्या बाहेर, मूळ व्यास टिकलेला असतो. बुशच्या बाहेरच्या अंगाला माप जसंच्या तसं सापडतं. जोडीचा दुसरा भाग हाताशी असेल तर तोही मोजा. आणि एक तर्क लावा: जुन्या काळचे ड्रॉइंग करणारे गोल आकडे वापरत. माप ०.७४८ इंच आलं तर मूळ पाऊण इंच असण्याची शक्यता मोठी.

गिअरचं उदाहरण घेऊ, कारण तिथेच जास्त गोंधळ होतो. समजा ३० दात्यांचा गिअर आहे आणि सहा-सात दाते तुटलेत. समोरासमोरच्या दोन शाबूत दात्यांवरून बाहेरचा व्यास मोजला, तो ८१.२ मिमी आला. दाते मेट्रिक, २.५ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दात्याचं मिमीतलं माप) असते तर बाहेरचा व्यास ३० अधिक २, म्हणजे ३२ गुणिले २.५, असा नेमका ८० यायला हवा होता. इंचाच्या पद्धतीत १० डायमेट्रल पिच (व्यासाच्या दर इंचामागे दाते) धरला तर ३२ भागिले १० म्हणजे ३.२ इंच, म्हणजेच ८१.२८ मिमी. टोकं किंचित झिजली आहेत, त्यामुळे हिशेब जमला: गिअर इंचाचा आहे. सव्वा मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना कळत नाही. पण २.५ मॉड्यूलच्या कटरने कापलेला गिअर जुन्या जोडीदाराबरोबर चालवला तर दोन्ही जातील. दात्यांची संख्या विषम असेल तर समोरासमोर दाता येत नाही, तेव्हा भोकाच्या मध्यापासून मोजून दुप्पट करावं लागतं.

दात्याचा दाबकोनही, म्हणजे दात्याच्या बाजूचा कलही, तपासा. जुन्या गिअरमध्ये साडेचौदा अंश सर्रास आढळतो, नंतरच्यांत २०. गिअरबॉक्समध्ये मुद्दाम आखूड ठेवलेले दातेही असतात आणि त्यांना वरचा साधा हिशेब लागू पडत नाही. म्हणून टर्नरकडे फक्त आकडे पाठवू नका. तुटका गिअर आणि त्याचा जोडीदार, दोन्ही पाठवा.

धातूचं म्हणाल तर ‘मजबूत पोलाद’ एवढं सांगून भागत नाही. गिअरला वरून कठीण आणि आतून चिवट असं पोलाद लागतं आणि कापल्यानंतर पृष्ठभाग कठीण करावा लागतो. किंग पिनचंही (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) तसंच. स्टिअरिंग आणि ब्रेकचे जुने भाग परत वापरणार असाल किंवा नवे बनवून घेतले असतील, तर बसवण्याआधी चुंबकीय चाचणी किंवा रंग झिरपवून बघण्याची चाचणी करा. केसाएवढी चीर या चाचणीत उठून दिसते.

ओतीव भाग, म्हणजे पंपाचं घर किंवा मॅनिफोल्ड, नवा ओतता येतो का?

येतो, आणि हे काम वाटतं तितकं अवघड नाही. फक्त जुना भागच पॅटर्न (साच्याचा ठसा उमटवायचा नमुना) म्हणून वाळूत दाबला तर नवा भाग लहान येतो. धातू थंड होताना आकसतो: बीड साधारण एक टक्का, अ‍ॅल्युमिनियम सव्वा टक्क्याच्या आसपास, पितळ त्याहून थोडं जास्त. ३०० मिमी लांबीचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण असं ओतलं तर जवळपास चार मिलिमीटर कमी भरतं आणि बोल्टचं एकही भोक जुळत नाही.

म्हणून पॅटर्न लाकडाचा किंवा छापील प्लास्टिकचा वेगळा करायचा. त्यात आकुंचन वाढवून धरायचं, लेथवर जिथे घासायचं आहे तिथे दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायचे आणि उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, म्हणजे वाळू न ढासळता पॅटर्न बाहेर येतो. आतली पोकळी कोअरने, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने, मिळते. पाण्याच्या वाटा असलेल्या भागात कोअर हाच खरा कौशल्याचा भाग. ओतकाम करणाऱ्याशी पॅटर्न बनवण्याआधी बोला, नंतर नाही. धातू कुठून आत जाणार आणि वायू कुठून बाहेर पडणार, हे त्यालाच तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

थ्रीडी प्रिंटिंगने हे सगळं सोपं होतं ना?

काही बाबतींत खूप सोपं होतं. पोर्शने ९५९ या गाडीच्या फक्त २९२ प्रती बनवल्या. तिच्या क्लचचा एक लिव्हर आता कंपनीच लेझरने पोलादाची भुकटी वितळवून थर-थर रचून बनवते. तीनशेहून कमी गाड्यांसाठी ओतकामाचे साचे राखून ठेवण्यापेक्षा ते परवडतं.

घरच्या कामात छपाईचा उत्तम उपयोग म्हणजे पॅटर्न आणि जोडून बघायचा नमुना. धातूवर खर्च करण्याआधी प्लास्टिकचा भाग जागेवर लावून बघा, फट दिसली की संगणकात दुरुस्त करा. मात्र नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज पोचतो. डायलची कडा किंवा बटण छापायचं असेल तर उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या. स्कॅनरबद्दल एवढंच: तो भाग जसा आहे तसाच टिपतो, झीज आणि वाकडेपणासकट. मूळ माप माणसालाच ठरवावं लागतं.

इंजिनाचा ब्लॉक तडकलाय. भंगारात काढावा का?

नाही. आत पाणी गोठल्यामुळे गेलेली तड बहुतेक वेळा पाण्याच्या कवचाच्या बाहेरच्या भिंतीत असते आणि ती दुरुस्त होते. बिडाला साधं वेल्डिंग चालत नाही, शेजारीच नवी तड जाते. मार्ग दोन-तीन आहेत. पूर्ण ब्लॉक तापवून केलेलं वेल्डिंग, निकेलच्या रॉडने थोडं-थोडं करत केलेलं थंड वेल्डिंग, आणि धातूचे टाके. टाक्यांच्या पद्धतीत तडीच्या रेषेवर एकमेकांत थोड्या शिरणाऱ्या आट्यांच्या पिना ओळीने बसवतात आणि आडव्या पट्ट्यांनी ती शिवतात. उष्णता लागत नसल्याने ब्लॉक वाकत नाही. मला हीच पद्धत सगळ्यांत पसंत आहे. दुरुस्तीनंतर दाबाने पाणी भरून चाचणी घेतल्याशिवाय ब्लॉक ताब्यात घेऊ नका.

बेअरिंगचे शेल मिळत नाहीत, इंजिनात पांढरा धातू ओतलेला दिसतो. तो काय असतो?

ते बॅबिट. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मुख्यतः कथील, सोबत अँटिमनी आणि तांबं. १९३० च्या दशकापर्यंत कित्येक इंजिनांत सुटे शेल नव्हतेच, हा धातू थेट कनेक्टिंग रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये ओतून मग क्रँकच्या मापाने कोरत. आजही हे काम करणारे कारागीर आहेत. शाफ्टच्या दर इंच व्यासामागे साधारण एक हजारांश इंच मोकळीक, हा जुना ठोकताळा अजून उपयोगी पडतो. जुनं बॅबिट नुसतं जुनं आहे म्हणून काढू नका. तडा नसेल, निसटलेलं नसेल आणि मोकळीक मापात असेल, तर ते पुष्कळ वर्षं चालतं.

गंज काढायची सगळ्यांत चांगली पद्धत कोणती?

भागागणिक वेगळी. छोट्या लोखंडी भागांना विजेची पद्धत उत्तम: पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या पट्टीला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग तयार होतं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा काम उघड्यावर करा. स्प्रिंग आणि कठीण केलेले भाग यात घालू नका, हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात. अ‍ॅल्युमिनियम, जस्त आणि पितळ यांच्यासाठीही ही पद्धत नाही.

बॉनेट आणि दरवाजे अशा सपाट पत्र्यावर जोरदार वाळूचा मारा करू नये. पत्रा तापतो, ताणतो आणि लाटा पडतात. प्लास्टिकचे कण किंवा सोडा वापरणारा माणूस शोधा.

क्रोमच्या हँडलवर फोड आलेत. घासून परत मुलामा चढेल का?

हँडल पितळेचं असेल तर हो. जस्ताच्या मिश्रधातूचं असेल तर काम मोठं आहे, कारण फोडाखाली धातूच खाल्लेला असतो. तिथे खड्डे कोरून काढायचे, तांब्याचा थर द्यायचा, खड्डे डाग देऊन भरायचे, पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम. हा धातू ४०० अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे टॉर्च घेऊन बसलेला नवखा माणूस हँडल गमावून बसतो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाडीवर क्रोम मुळातच नव्हता, निकेल होता. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार दिसते. तिथे निकेलच चढवा.

मूळ रंग कसा शोधायचा?

जिथे ऊन पोचलं नाही तिथे. डॅशबोर्डच्या मागची बाजू, दरवाज्याच्या कातड्याखाली, दिव्याच्या कड्याखाली, नंबराच्या पट्टीच्या मागे. दिसणार नाही अशा जागी बारीक पोलिश पेपर ओला करून नाण्याएवढी जागा हळूहळू घासा. थर एकाखाली एक वर्तुळासारखे उघडे पडतात: वरचा अलीकडचा रंग, मग आधीचा, मग प्रायमर, आणि कधी त्याखाली अजून एक रंग. सगळ्यांत आतल्या प्रायमरच्या लगेच वरचा तो कारखान्याचा. ती जागा ओली असताना फोटो घ्या, आणि शक्य असेल तर तेवढी जागा तशीच राखून ठेवा.

हाती आलेल्या रंगाची काळाशी सांगड घाला. मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगातच मिळत असे. नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२० च्या दशकात आले, त्याआधी रंग आणि वॉर्निशचे थर वाळायला आठवडे लागत. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नका.

सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर न्यावी का?

गरज नसते. सहा व्होल्टच्या गाडीत दिवे मंद आणि स्टार्टर आळशी असतो, त्याचं कारण बहुतेक वेळा बारीक वायर आणि गंजलेली अर्थिंग. ३६ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, सहावर ६. दुप्पट प्रवाहाला जाड वायर हवी, आणि कुणीतरी मधे कधी आजची साधी बॅटरी-केबल लावलेली असते. ती बदला, प्रत्येक अर्थिंग पांढऱ्या लोखंडापर्यंत घासा आणि मग ठरवा. ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक चॅसिसला जोडलेलं असू शकतं, बॅटरी लावण्यापूर्वी ते तपासा.

रबर आणि ब्रेक ऑइलच्या बाबतीत काय सांभाळावं?

सगळं रबर एक नसतं. ब्रेकच्या रबराला खनिज तेल लागलं तर ते फुगतं, म्हणून ब्रेकचे भाग पेट्रोलने किंवा ग्रीसने कधीही धुऊ नका. ब्रेक ऑइलच्या प्रकारांपैकी डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलचे आणि आपसांत जमणारे. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळू नये. सिट्रोएन डीएस ही गाडी सुरुवातीला लाल द्रव वापरत होती, १९६६ च्या सुमारास हिरवा खनिज द्रव आला. एकीचा द्रव दुसरीत घातला तर सगळ्या सील जातात. पेट्रोलच्या नळ्या आजच्या इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला टिकतील अशाच घ्या.

ब्रेक होज, टायर आणि पुढची काच यांत मी जुन्याचा आग्रह धरत नाही. नक्षी शिल्लक असली तरी वीस वर्षांचा टायर दगडासारखा कठीण झालेला असतो. साधी काच फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात, तिथे लॅमिनेटेड काचच हवी.

शिसेविरहित पेट्रोल चालेल का?

शिसं मिसळलेलं पेट्रोल विक्रीला आलं १९२३ मध्ये आणि जगभरच्या पेट्रोल पंपांवरून संपलं २०२१ मध्ये. १९२३ च्या आधीच्या इंजिनांना शिशाची सवय नव्हतीच. नंतरच्या इंजिनांत सतत वेगाने चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (बैठका) झिजतात. हेड कधी उघडलं तर कठीण सीट बसवून घ्या. त्यासाठीच मुद्दाम हेड उघडायची गरज नाही. गिअरबॉक्समध्ये पितळेचे किंवा ब्राँझचे भाग असतील तर जीएल-५ या प्रतीचं गिअर तेल टाळा, जीएल-४ किंवा पुस्तकात लिहिलेलं वापरा.

या कामात जिवावर बेतणाऱ्या गोष्टी कोणत्या?

जुन्या ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ब्रेकच्या ड्रमवर हवेचा फवारा कधीही मारू नका. ओलं करून पुसा, मास्क लावा, फडकं बंद पिशवीत टाका. जुन्या मीटरच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम असू शकतं. चमक संपलेली असली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो, म्हणून डायल खरवडू नका, काच उघडू नका. पत्र्याच्या सांध्यांत भरलेलं शिसं घासू नका, तापवून पुसून काढा, तेही हवेशीर जागी. आणि पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. तिच्यातली वाफ पूर्ण निघून गेल्याची खात्री होईपर्यंत वेल्डिंग नाही.

सगळं जोडून झालं. पहिल्यांदा सुरू करताना काय बघावं?

प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, तेलाचा काटा हलेपर्यंत. प्लग लावून सुरू केल्यावर पहिलं मिनिट नजर तेलाच्या काट्यावरच. कुणीतरी अग्निशामक हातात धरून बाजूला उभं राहावं. तापमान चढेपर्यंत पाणी आणि पेट्रोलच्या प्रत्येक सांध्यावर हात फिरवून ओल आहे का बघा. नंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट पुस्तकातल्या क्रमाने पुन्हा आवळा. पहिली फेरी उताराच्या रस्त्यावर काढू नका. परत आलात की चारही ब्रेक ड्रमना हात लावून बघा: एखादा इतरांपेक्षा गरम असेल तर तो घासतोय, गारच राहिला असेल तर धरत नाही. शंभरेक किलोमीटरनंतर तेल बदला, चाकांचे नट, स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि स्टिअरिंगच्या पिना पुन्हा तपासा.